वाढते वय आणि पुरुषांची संप्रेरके



अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात अगदी शेवटी 'रासायनिक समन्वय तथा एकीकरण' हा धडा आहे. तो शिकवताना बोलण्याच्या ओघात स्त्रियांच्या रजोनिवृत्तीचा विषय निघाला. आमचे तास हिंदीतून चालतात, पण एका विद्यार्थिनीने मागच्या बाकावरून मराठीतच विचारले, "सर, आजीचे समजले. मग आजोबांचे काय होते? त्यांचेही काही बंद पडते का?" वर्ग हसला. मीही हसलो आणि तेवढ्यात घंटा झाली म्हणून सुटलो. घरी आल्यावर मात्र वाटले, प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आपण पन्नाशी-साठीतले पुरुष ह्या विषयावर एक तर विनोद करतो, नाही तर गप्प बसतो. त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर ह्या अंकात देत आहे. ते आजोबांनीही वाचावे असे आहे. आपल्या विश्वस्त मंडळाचे सरासरी वय मी काढलेले नाही, आणि काढणारही नाही!

आधी शब्दाविषयी थोडे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तिथे आम्ही 'हार्मोन' म्हणत असू. मराठीतला 'संप्रेरक' हा शब्द मला नोकरी लागल्यावर भेटला आणि आवडला. हार्मोन हा शब्द इंग्रज शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली रूढ केला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतवणे, हालचालीस प्रवृत्त करणे असा आहे. म्हणजे 'संप्रेरक' हा शब्द मुळाशी इमानी आहे. एका ग्रंथीतून निघून रक्तातून दूरच्या अवयवापर्यंत निरोप नेणारा पदार्थ, एवढी व्याख्या आपल्याला पुरे.

कोंबडा, बैल आणि एक म्हातारे प्राध्यापक

असा निरोप रक्तातून जातो हे पहिल्यांदा दिसले ते कोंबड्यांत. १८४९ साली जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी सहा तरुण कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषणे काढून टाकलेल्या कोंबड्यांचा तुरा सुकला, आरवणे गेले, भांडणे थांबली. काहींच्या पोटात मात्र त्यांनी वृषण पुन्हा बसवले. मूळ जागी नव्हे, जुन्या नसाही जोडल्या नव्हत्या. तरी त्यांचा तुरा लाल राहिला आणि ते आरवू लागले. नसांचा संबंध तुटलेला असताना परिणाम होतो, याचा अर्थ काहीतरी रक्तातून पोहोचत आहे. प्रयोग साधा, पण विचार किती स्वच्छ! परीक्षेत 'नियंत्रित प्रयोगाचे उदाहरण द्या' असे आले तर हे लिहा.

दुसरी गोष्ट पॅरिसची. शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार हे मोठे नावाजलेले शरीरशास्त्रज्ञ. १८८९ साली वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांनी कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि विद्वानांच्या सभेत जाहीर केले की आपल्याला तारुण्य परत मिळाले. जास्त वजन उचलता येते, दीर्घ काळ काम करता येते, इतकेच काय, लघवीची धारही पूर्वीपेक्षा लांब जाते, आणि ती त्यांनी मोजलीही होती. लगेच असे अर्क ठिकठिकाणी विकले जाऊ लागले. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यांच्याच पद्धतीने अर्क करून तपासला आणि २००२ साली निष्कर्ष छापला. त्यात पुरुष-संप्रेरक जवळजवळ नव्हतेच! कारण हे संप्रेरक पाण्यात विरघळत नाही, आणि अर्क होता पाण्यातला. प्राध्यापक खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखर बरे वाटले होते. ज्या गोष्टीची आशा धरून आपण सुई टोचून घेतो ती काही दिवस तरी खरी वाटते, ह्याला औषधशास्त्रात वेगळे नाव आहे, पण सध्या एवढे लक्षात ठेवू. पुढे कामी येईल.

खरे संप्रेरक हाती आले १९३५ साली. ॲमस्टरडॅम येथे अर्न्स्ट लाक्योर यांच्या गटाने सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम पदार्थ वेगळा केला आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. त्याच वर्षी अडोल्फ ब्युटेनांड्ट आणि लिओपोल्ड रुझिचका यांनी ते प्रयोगशाळेत कोलेस्टेरॉलपासून घडवले. ह्या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. निरोगी तरुण पुरुषाचे शरीर रोज साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करते. म्हणजे त्या १०० किलोंतून निघाले ते एका माणसाला दोन दिवसही पुरले नसते.

पायरी नव्हे, उतार

आता मूळ प्रश्न. आजीच्या बाबतीत साधारण पन्नाशीच्या आसपास काही वर्षांत बीजग्रंथींचे काम थांबते. ती एक पायरी आहे. आजोबांच्या बाबतीत पायरी नाही, उतार आहे, तोही लांबलचक. मेंदूच्या तळाशी असलेले हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला निरोप देते, पीयूषिका वृषणांना देते, वृषणांतल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन करतात. ते पुरेसे झाले की वरचा निरोप आपोआप मंद होतो. टाकी भरली की पंप बंद करणारा तरंगता चेंडू असतो ना, तसे. वयाबरोबर लायडिग पेशी काहीशा कमी होतात, वरचा निरोपही पूर्वीसारखा ठणठणीत राहत नाही. तिशी-चाळिशीनंतर रक्तातले टेस्टोस्टेरॉन सरासरीने वर्षाला सुमारे एक टक्का घटते. पण बंद पडत नाही. ऐंशीतल्या कित्येक पुरुषांचे प्रमाण तरुणांच्या मर्यादेत असते. म्हणून 'पुरुषांची रजोनिवृत्ती' हा वर्तमानपत्री शब्द मला चुकीचा वाटतो. तो ऐकला की माणूस पायरी शोधू लागतो.

ह्यात एक बारकावा आहे. रक्तातले बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरते. मोकळे असते ते फक्त दोन टक्क्यांच्या आसपास. बसमध्ये बसलेले प्रवासी आणि स्टॉपवर उतरलेले प्रवासी, असा फरक समजा. काम उतरलेलेच करतात. वाहून नेणाऱ्या प्रथिनांपैकी एक वयाबरोबर वाढते, म्हणजे बसमध्ये जागा वाढतात आणि उतरणारे आणखी कमी होतात. म्हणून मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा उतार एकूण प्रमाणाच्या उतारापेक्षा तीव्र असतो.

मग किती जणांत ही घट आजार म्हणण्याइतकी असते? युरोपातल्या आठ शहरांत ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. थकवा, चिडचिड, उदासी, विसरणे अशी पुष्कळ लक्षणे त्यांनी विचारली. कमी टेस्टोस्टेरॉनशी ठामपणे जुळली ती तीनच, आणि तिन्ही लैंगिक इच्छा व क्षमतेशी निगडित होती. बाकीची लक्षणे जवळजवळ कुणालाही असू शकतात. ही तीन लक्षणे आणि रक्तात खरी कमतरता, दोन्ही एकत्र असलेले पुरुष निघाले फक्त शंभरात दोन. सत्तरीच्या पुढे शंभरात पाच. मला स्वतःला हा आकडा वाचून आश्चर्य वाटले, कारण रेल्वेच्या बाजूच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती खऱ्या मानल्या तर शंभरातल्या शंभरांना औषधाची गरज आहे! (असल्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंतींना हे कुणी सांगितलेले दिसत नाही.)

पोट, झोप आणि साखर

त्याच युरोपीय पाहणीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की टेस्टोस्टेरॉन खाली ओढण्यात वयापेक्षा स्थूलपणाचा हात मोठा होता. काही वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासले तेव्हा ज्यांचे वजन वाढले त्यांचे संप्रेरक घटले होते, ज्यांनी वजन चांगले घटवले त्यांचे वाढले होते. वय दोघांचेही तेवढेच वाढले होते.

असे का होते? पोटाची चरबी हे नुसते गोदाम नाही, तिथे कारखाना चालतो. चरबीच्या पेशींत ॲरोमाटेज नावाचे विकर असते, ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. शिवाय चरबीतून निघणारे दाहकारक पदार्थ आणि इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशी मिळून मेंदूकडून येणारा निरोप दाबतात. दुसरीकडे टेस्टोस्टेरॉन कमी झाले की स्नायू घटतात आणि चरबी वाढते. एकाने दुसऱ्याला ढकलायचे आणि दुसऱ्याने पहिल्याला. अमेरिकेत बफेलो येथे संदीप धिंडसा आणि परेश दंडोना यांनी २००४ मध्ये दाखवले की त्यांनी तपासलेल्या प्रकार-२ मधुमेहाच्या पुरुषांपैकी साधारण एकतृतीयांश जणांत टेस्टोस्टेरॉन कमी होते, आणि दोष बहुधा वृषणांत नसून वरच्या निरोपात होता.

"पण मी तर जाडा नाही," असे आपल्यातले बरेच जण म्हणतील. त्यांच्यासाठी पुण्याचे एक छायाचित्र. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही नेमका एकच, २२.३, म्हणजे अगदी आदर्श. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! भारतीय शरीर बाहेरून बारीक आणि आतून चरबीचे असू शकते, हे याज्ञिकांनी आयुष्यभर मांडले. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा टेप खरी. बेंबीच्या पातळीवर पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हावे. पँटचा नंबर सांगू नका. पँट आपण पोटाच्या खाली सरकवत आणलेली असते.

झोपेचेही तेच. टेस्टोस्टेरॉनची मोठी खेप झोपेत तयार होते, म्हणून ते पहाटे-सकाळी सर्वाधिक असते. शिकागो येथे दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तर त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घसरले (२०११). वर्षाला एक टक्क्याच्या हिशेबाने दहा-पंधरा वर्षांचा उतार एका आठवड्यात! हे विद्यार्थ्यांनीही वाचावे, आणि रात्री साडेअकराला सराफ्यात गराडू खायला जाणाऱ्या त्यांच्या वडिलांनीही. जो माणूस मोठ्याने घोरतो, मधेच श्वास अडकून दचकतो आणि दुपारी खुर्चीत डुलक्या घेतो, त्याची झोप सात तासांची असली तरी पुरी होत नाही. त्याने त्याची तपासणी करून घ्यावी.

इथे मला स्वतःचे सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मला दुपारनंतर गळून गेल्यासारखे वाटे. शिक्षकांच्या सभेत मी नाहक आवाज चढवी, आणि घरी आल्यावर त्याचे वाईट वाटे. एका मित्राने सांगितले, "हार्मोन तपासून घ्या, ह्या वयात होते." शाळा सुटल्यावर संध्याकाळी पाच वाजता रक्त दिले. अहवालात टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यापुढे तारा छापलेला, म्हणजे मर्यादेच्या खाली. त्या मित्राच्या ओळखीत इंजेक्शने देणारेही होते. खरे सांगतो, मला बरेच वाटले. दोष माझ्या स्वभावाचा नाही, संप्रेरकाचा आहे, असे कागदावर लिहून मिळाले होते!

सुदैवाने कागद घेऊन मी आधी आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वेळ पाहिली आणि कागद बाजूला ठेवला. ही तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशी पोटी करायची असते, आणि कमी आली तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. ताप, आजारपण, जागरण असताना करायचीच नाही. मी दोन सकाळी रक्त दिले, दोन्ही वेळा आकडा मर्यादेत. त्यांनी सोबत मी न मागितलेली एक तपासणी लिहिली होती, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची. ती निघाली ७.४. म्हणजे मधुमेह, आणि बहुधा बऱ्याच दिवसांचा. मी जीवशास्त्र शिकवतो, मधुमेहाची लक्षणे फळ्यावर लिहून देतो, आणि स्वतःच्या थकव्याला मात्र साखर हे नाव द्यायला तयार नव्हतो, कारण साखर हा आजार आहे आणि हार्मोन म्हणजे नुसते वय, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी इंजेक्शन घेतले असते तर ब्राऊन-सेकारसारखे मलाही काही दिवस छान वाटले असते. साखर तोवर आपले काम करीत राहिली असती.

म्हणून घरातले वडील किंवा आजोबा सुस्त, चिडके, उदास झाले असतील तर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देऊ नका. हिंदीतही आपण 'सठिया गए' म्हणून मोकळे होतो. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब जीवनसत्त्व, चालू असलेल्या गोळ्या, झोप, आणि मनाची उदासी, हे आधी पाहायचे असते. विशेषतः निवृत्तीनंतरची उदासी. तीस वर्षे दहा ते पाच ज्याला लोक विचारत होते त्याला एकाएकी कुणी काही विचारेनासे होते, ह्याची रक्ततपासणी अजून निघालेली नाही.

एक गोष्ट मुले वाचतात म्हणून गाळावी असे वाटले होते, पण पालकांच्या जिवाशी संबंध आहे म्हणून लिहितो. पन्नाशीच्या पुरुषाच्या लैंगिक क्षमतेत होणारी घट पुष्कळदा संप्रेरकामुळे नसून रक्तवाहिन्यांमुळे असते. तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून अडथळा आधी तिथे जाणवतो. हृदयविकाराची ही काही वर्षे आधी मिळालेली सूचना असू शकते. लाजेने चूर्ण-वटी आणून घेणारा माणूस ही सूचना पैसे देऊन बुजवतो.

इंजेक्शनाचा हिशेब

ज्यांच्यात खरी, सिद्ध झालेली कमतरता आहे त्यांना टेस्टोस्टेरॉन द्यावेच लागते, आणि त्यांना ते वरदान असते. पीयूषिका ग्रंथीची गाठ, वृषणांना झालेली इजा, जन्मजात दोष अशी त्याची कारणे असतात. प्रश्न आहे तो नुसत्या वयाने थोडे घटलेल्यांचा. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या, कमी टेस्टोस्टेरॉनच्या ७९० पुरुषांना वर्षभर जेल लावून पाहिले (निष्कर्ष २०१६ व २०१७). लैंगिक बाबतीत मध्यम सुधारणा, मनःस्थितीत किंचित, रक्तक्षय सुधारला, हाडांची घनता वाढली. पण उत्साह आणि स्मरणशक्ती, ज्यासाठी बहुतेक लोक हे मागतात, त्यात फरक पडला नाही. हृदयाच्या रोहिणीतला थर मात्र जास्त वाढलेला दिसला.

हृदयाची भीती होतीच. तिचे उत्तर २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीतून मिळाले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरे जेल घेणाऱ्यांत जास्त झाले नाहीत. ही दिलाशाची बाजू. पण ठोके अनियमित होणे, फुप्फुसात रक्ताची गुठळी जाणे आणि मूत्रपिंडाला इजा, हे प्रकार अधिक आढळले. आणि पुढच्या वर्षी ह्याच चाचणीतून एक अनपेक्षित गोष्ट कळली. हाडे मोडण्याचे प्रमाणही जेल घेणाऱ्यांतच जास्त होते, सुमारे ३.५ टक्के विरुद्ध २.५. हाडांची घनता वाढते म्हणून हाडे कमी मोडतील, हे सरळ वाटणारे गणित चुकले.

दुसऱ्या बाजूचेही सांगतो, नाही तर मी एकतर्फी ठरेन. ऑस्ट्रेलियात १,००७ स्थूल पुरुषांना आहार-व्यायामाच्या कार्यक्रमात घेऊन त्यांतल्या निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनही दिले. दोन वर्षांनी मधुमेह निघाला तो नुसत्या कार्यक्रमवाल्यांत शंभरात २१ जणांना, इंजेक्शनवाल्यांत १२ जणांना (२०२१). फायदा खरा आहे. पण इंजेक्शनवाल्यांत पाचातल्या एकाहून अधिकांचे रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत घट्ट झाले. तेव्हा हे औषध तज्ज्ञाच्या हाती, दर काही महिन्यांनी रक्त तपासत घ्यायचे आहे. कुणाच्या ओळखीने घ्यायचे नाही.

जिममध्ये जाणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलांसाठी दोन ओळी. टाकीचा तरंगता चेंडू आठवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन ओतले की मेंदूला टाकी भरलेली दिसते, तो निरोप थांबवतो, वृषणे आकसतात आणि शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद होऊ शकते. इतकी, की जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या सुमारास टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांची पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. 'मर्दानगी'साठी जे घेतात ते हे घेतात.

अक्रोडाएवढी ग्रंथी

आजोबांचा सर्वांत नेहमीचा त्रास मात्र वेगळाच, रात्री उठण्याचा. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट ही ग्रंथी असते, तरुणपणी अक्रोडाएवढी. इथे उलटे आहे: टेस्टोस्टेरॉन घटत असताना ही वाढते. पन्नाशीत साधारण निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेकांत ती वाढलेली असते. वाढवणारा असतो टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारा अधिक प्रभावी भाऊबंद, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. हे कळले कॅरिबियन बेटांतल्या डोमिनिकन रिपब्लिकच्या एका खेड्यामुळे. तिथल्या काही कुटुंबांत हे रूपांतर करणारे विकर जन्मतःच कमी असते. त्या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राहते आणि टक्कल पडत नाही, असे १९७४ पासूनच्या अभ्यासात दिसले. त्यावरून ते विकर अडवणारे फिनास्टेराइड हे औषध निघाले, ते १९९२ पासून वापरात आहे. हे घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. रक्तातल्या पीएसएचा आकडा ह्या औषधाने साधारण निम्मा होतो, म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना ते घेत असल्याचे सांगितलेच पाहिजे.

साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण लघवीत रक्त, लघवी अजिबात न होणे, किंवा कंबरेच्या हाडात रात्रंदिवस दुखणे आणि वजन घटणे, ह्यांपैकी काही असेल तर थांबू नये. लघवी पूर्ण अडली तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात.

रात्रीच्या उठण्याचा सगळा दोष प्रोस्टेटचा नसतो. लघवी आटवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक तरुणपणी रात्री वाढते, म्हणून आपण सलग झोपतो. म्हातारपणी ही रात्रीची वाढ मंदावते. त्यात संध्याकाळचे दोन चहा आणि रक्तदाबाची पाणी काढणारी गोळी रात्री घेतलेली. गोळीची वेळ सकाळी करता येईल का, एवढे डॉक्टरांना विचारले तरी काही आजोबांची झोप परत येते.

आता हाडांचे. पुरुषांची हाडे टेस्टोस्टेरॉनपेक्षा त्यापासून बनणाऱ्या इस्ट्रोजेनवर अधिक अवलंबून असतात, हे कुणाला खरे वाटले नसते. १९९४ मध्ये अमेरिकेत २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद झाली. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा निरोप ऐकूच येत नव्हता. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण उंची २०४ सेंटीमीटर आणि अजून वाढते आहे, आणि हाडे म्हाताऱ्यासारखी ठिसूळ. तेव्हा 'बायकांचे संप्रेरक' हे नाव सोडून द्यावे लागले. हाडे विरळ होणे हा बायकांचा आजार ही समजूतही त्याबरोबर सोडावी. खुब्याचे हाड मोडल्यावर दगावण्याचे प्रमाण पुरुषांतच जास्त आहे.

खुबा बहुधा घरातच मोडतो, कधी कधी रात्री, पलंग ते संडास ह्या वाटेवर. म्हणून विद्यार्थ्यांना ह्या धड्याचे प्रात्यक्षिक देतो. आज रात्री घरातले दिवे मालवून ती वाट एकदा चालून पाहा. पाय अडकेल अशी सतरंजी, पायपुसणे, खुर्ची, चार्जरची वायर, जे असेल ते उचला. न्हाणीघराच्या दारातली पायरी दिसते का पाहा, नसेल दिसत तर तिच्या कडेला पांढरी पट्टी ओढा. भिंतीत खोचायचा छोटा दिवा विजेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो, तो वाटेवर लावा. कोणाच्या घरी काय सापडले ते वहीत लिहून सोमवारी जीवशास्त्राच्या तासाला आणावे.